रिकामी जीप आणि कादरमामू

कादरमामूची आयडी मी चोराला दिली. त्यानं मागितली, मी दिली. मध्ये ना चाकू, ना धमकी. उलट देऊन झाल्यावर मीच त्याला 'थँक्यू सर' म्हणालो.

आयडी म्हणजे मोबाईलवरच्या बंदुकांच्या खेळातली आपली ओळख. आभाळातून छत्रीनं उतरायचं, गोदामं धुंडाळायची, गाड्या पळवायच्या, समोर दिसेल त्याला उडवायचं आणि शेवटी जो उरेल तो जिंकला, असा तो खेळ. शेलूबाजारच्या फाट्यावर जीप भरेपर्यंत ड्रायव्हर लोक दुसरं करणार तरी काय? पूर्वी पत्ते कुटायचे, आता एकमेकांना गोळ्या घालतात. तुम्ही म्हणाल, आयडी गेली तर गेली, खेळच तो. पण कादरमामूंच्या त्या आयडीच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा पोरगा होता. ते सांगतोच. आधी मामू सांगतो. माझा मूर्खपणा काही पळून जात नाही, तो माझ्याकडे कायमचा मुक्कामाला आहे.

फाट्याला लागूनच माझं मोबाईल आणि झेरॉक्सचं दुकान. समोर काळ्या-पिवळ्या जीप लागतात. त्या भरायचं काम कादरमामूंचं. मामूंकडे जीप नव्हती, लायसन नव्हतं, स्टिअरिंगला त्यांनी उभ्या जन्मात हात लावला नव्हता. त्यांच्याकडे आवाज होता. 'मंगरूळ, मंगरूळ, मंगरूऽऽळ!' अशी हाक त्यांनी टाकली की झोपलेलं कुत्रंही उठून जीपकडे दोन पावलं जायचं. कारंज्याला जायला निघालेली माणसं मंगरूळच्या जीपमध्ये बसून गेल्याची उदाहरणं आहेत. विचारलं तर म्हणायची, "मामूनं इतकं मनापासून बोलावलं, नाई कसं म्हनाचं?"

अंगानं काडी. दाढी मेंदीनं लाल केलेली, डोक्यावर जाळीची टोपी, गळ्यात मफलर, तोही ऐन मे महिन्यात, कारण 'गळा म्हंजे माई दुकान हाय, शटर लावून ठेवा लागते'. चहा घ्यायचे तो बशीत ओतून, आणि पिताना बोलायचे नाहीत. तेवढाच काय तो फाट्याला आराम. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. मला 'गजा' म्हणायचे, रागावले की 'गजाननराव'. 'गजाननराव' ऐकलं की मी आधी शटरमागे जायचो आणि मग आठवायचो, आज काय केलं.

मामू धंद्यात खोटं बोलायचे. ते त्यांनी कधी लपवलं नाही. रिकाम्या जीपमध्ये कोणी बसत नाही, हे जीपच्या धंद्यातलं पहिलं शास्त्र. म्हणून मामू आधी आपली माणसं आत बसवायचे. पानठेल्यावरची दोघं-तिघं, एखादा सुटीवरचा ड्रायव्हर आणि गिऱ्हाईक नसलं की मी. मांडीवर पिशवी घ्यायची, घड्याळ पाहायचं, 'निघते का नाई गाडी?' असं कावून विचारायचं. खरा पासिंजर चढला की आमच्यातल्या एकानं 'पानी पिऊन येतो' म्हणत उतरायचं. एकदा मी त्या उकाड्यात बसल्या बसल्या झोपलो. जाग आली ती मंगरूळपीरच्या स्टँडवर. ड्रायव्हरनं माझ्याकडूनही भाडं घेतलं. परत आलो तर मामू म्हणाले, "असा कलाकार पाह्यजे! स्वतःलेही पटलं त्याचं."

खेळातल्या ठकांचं गूढ मामूंनी उलगडलं ते याच शास्त्रानं. एक ड्रायव्हर नाचत नाचत आला. खेळात बंदुका-कपडे घ्यायला लागणारे हिरे फुकट देणारी एक साईट त्याला सापडली होती. खाली लोकांचे शेरे: 'भाई मिल गया', 'सच में काम करता है', 'एका मिनिटात आले, धन्यवाद सर'. मामूंनी चष्मा लावला, सगळे शेरे वाचले आणि फोन परत दिला.

"हे सगळे मायेच लोक हायेत."

"तुमचे? कोन?" ड्रायव्हर बावचळला.

"बसवेल पासिंजर, लेका! पाय बरं, एक तरी मानूस म्हनते का, उकडून राह्यलं? सरका म्हनते? उशीर झाला म्हनते? खरा पासिंजर चढला का आधी कुरकुर करते. ज्या जीपात कोनीच कुरकुर करत नाई ना, ते जीप रिकामी हाय. उतर!"

ड्रायव्हर उतरला. म्हणजे साईटवरून.

तेव्हापासून 'रिकामी जीप' हा शब्द फाट्यावर पक्का झाला. कोणाला कसला संदेश आला की तो आधी मामूंकडे जायचा आणि मामू एखाद्या डॉक्टरसारखे नाडी बघायचे. खेळात भिंतीपलीकडचे दुश्मन दाखवणारं एक ॲप एकानं भरून घेतलं, तर त्याचा फोन आपल्या मनानंच सगळ्यांना वाकडेतिकडे संदेश पाठवायला लागला. त्यात सासराही आला. मामू म्हणाले, "भिंतीपल्याडचं तुले दिसते का नाई, मले माईत नाई. तुया घरातलं मात्र त्याले दिसून राह्यलं." आणि 'लवकर करा, शेवटची संधी' असं कुठे दिसलं की मामूंना हसूच फुटायचं. "मी 'एकच सीट, एकच सीट' कवा ओरडतो? जीप रिकामी असते तवा. भरल्यावर कायले ओरडू बे? भरल्यावर मी चहा प्याले जातो."

आता यावरून मामूंना कोणी ज्ञानी समजू नये. याच माणसाला एका आंबेवाल्यानं 'मामू, शेवटची पेटी' म्हणून भर फाट्यावर पेटी दिली. वरच्या थराखाली सगळा पेंढा. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या आठवड्यात त्याच आंबेवाल्याची शेवटची पेटी मामूंनी पुन्हा घेतली. नसीममामींनी दोन्ही पेट्या दारात मांडून ठेवल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायला. मामू म्हणाले, "दुसऱ्याची घाई समजते गजा. पन आंब्याची घाई आपल्या पोटातून येते."

हे वाक्य मी तेव्हाच कोरून ठेवायला पाहिजे होतं.

आता इरफान. मामूंचा एकुलता पोरगा. मामूंची इच्छा, पोरानं फाट्यावर आपल्या शेजारी उभं राहावं. आवाज वारशानं आलाच होता. इरफान म्हणाला, "अब्बा, मले जिंदगीभर दुसऱ्याची गाडी भरायची नाई." मामू म्हणाले, "मंग जाय, स्वतःची रिकामी फिरव." पोरगा त्याच दुपारी गेला. पुण्याला एका गोदामात रात्रपाळीवर लागला. मामींना फोन करायचा; मामू तेव्हा अंगणात जाऊन मफलर झटकत बसायचे. दोघंही एकाच मातीचे. आधी कोण बोलेल, या प्रश्नावर दोन वर्षं... नाही, मोजत नाही. बरीच वर्षं गेली असं समजा.

मग मामूंना कुठून तरी कळलं, की इरफान दुपारी उठला की त्याच बंदुकांच्या खेळात बसतो आणि खेळताना तोंडानं सारखा बोलतो. मामू माझ्या दुकानात आले. इकडे-तिकडे पाहिलं.

"गजा, त्या खेळात दुसऱ्याचं बोलनं आयकू येते म्हनते?"

"येते ना मामू. कानात हेडफोन घालाचा."

"अन् आपन बोललं नाई तर चालते?"

अशी ती आयडी जन्मली. नाव ठेवलं 'खामोश'. ज्या माणसाच्या हाकेनं म्हशी रस्ता सोडायच्या, तो माणूस खेळात माईक बंद करून बसायचा, कारण एक शब्द बोलला असता तरी पोरानं ओळखलं असतं. इरफानच्या टोळीत शिरायला मामूंनी महिनोन्‌महिने तालीम केली. गोळी त्यांना शेवटपर्यंत जमली नाही. पण गाडी! खऱ्या आयुष्यात ज्यानं क्लच दाबला नाही, तो खेळातली जीप अशी पळवायचा की इरफाननं त्यांना टोळीत कायमचं घेतलं. मुका समजून टोळी त्यांना 'गुंगाभाई' म्हणायची.

एकच खोड होती. चारी जण बसल्याशिवाय गुंगाभाई जीप हलवायचा नाही. मागून गोळ्या सुटताहेत, जीपचा टप उडालाय, इरफान ओरडतोय, 'चल, चल, निघ!' आणि जीप जागची हलत नाही, कारण एक सीट रिकामी. त्यापायी पूर्ण टोळी कितीदा मेली. एकदा असंच मेल्यावर इरफान हसत म्हणाला, "हा गुंगा आमच्या अब्बासारखाच हाय. सीट भरल्याबिगर हलतच नाई."

मामूंनी हेडफोन काढला, मफलर तोंडावर घेतला आणि माझ्या झेरॉक्स मशीनकडे तोंड करून उभे राहिले. मी विचारलं, "मामू, काय झालं?"

"काई नाई. तुया मशीनचा उजेड डोयात गेला."

मशीन बंद होतं.

ती आयडी माझ्या नंबरवर होती. इथे जराशी आमच्या गावची रीत सांगायला हवी. आमच्याकडे कोणत्याही कागदावर, कोणत्याही योजनेत, कोणत्याही खात्यात नंबर टाकायचा झाला की लोक म्हणतात, 'गजाचाच टाक, तो तठीच असते'. त्यामुळे अर्ध्या गावाचे कोड माझ्या फोनवर येतात, आणि मी ते दुकानाच्या पायरीवर उभा राहून, रस्त्यापलीकडे एकेक आकडा सुटा करून, ओरडून सांगतो. ऐकू नाही गेला तर जीपवाला पुढे पोचवतो. भिंतीवर मीच छापून चिकटवलेला कागद आहे: 'आपला कोड कोणालाही सांगू नये.' त्याच्याच खाली उभं राहून सांगतो.

त्या दुपारी मामू जेवायला घरी गेले होते. माझ्या फोनवर संदेश आला, 'अभिनंदन! निवडक खेळाडूंना सोन्याची जीप भेट. फक्त शेवटचा एक खेळाडू बाकी. त्वरा करा.' सोबत जीपचं चित्र. काय सांगू तुम्हाला! चाकंसुद्धा सोन्याची. मी माझी आयडी टाकली, तर उत्तर आलं, 'क्षमस्व, आपली पातळी फार खालची आहे.' इथे खरं म्हणजे माझ्याबद्दल दोन शब्द खरे बोलणारी ती एकमेव साईट म्हणून मला शंका यायला हवी होती. मला अपमान वाटला. मी म्हटलं थांब, दाखवतो तुला पातळी, आणि मामूंची आयडी टाकली. वाटलं, मामू जेवून येतील आणि पाहतात तर सोन्याची जीप दारात!

लगेच फोन वाजला. एक गोड आवाज म्हणाला, "सर, आपल्याला एक कोड आला असेल."

सर! शेलूबाजारात मला सर कोणी म्हणत नाही. मास्तरकीचा मुखवटा चढवून, पायरीवर उभा राहून, मी नेहमीच्या सवयीनं एकेक आकडा सुटा करून सांगितला. त्याला नीट लिहून घेता यावा म्हणून दुसऱ्यांदाही सांगितला. मग म्हणालो, "थँक्यू सर." त्यानं फोन ठेवला. मी 'खामोश' उघडायला गेलो, तर खेळ म्हणाला, पासवर्ड चुकीचा आहे.

मामू आले. बोटांना अजून मसाल्याचा वास. माझं तोंड पाहिलं.

"काहून बे, तोंड असं काहून केलं? कोनी गेलं का?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता 'गजाननराव' होणार, आणि मी शटरकडे सरकलोही होतो. पण मामूंनी बोटं मफलरला पुसली. बाकावर बसले. समोर जीप लागली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तरी उठले नाहीत. मंगरूळचे पासिंजर आपणहून चौकशी करत फिरायला लागले, फाट्याच्या इतिहासात पहिल्यांदा. शेवटी मामू हळूच म्हणाले, "गजा, नवी आयडी काढली तर पोट्टा घेनार नाई ना बे टोळीत? पुन्हा पह्यलीपासून?"

मला त्यापेक्षा चपला चालल्या असत्या.

माझी आयडीही इरफानच्या ओळखीत होती. लहानपणी याच दुकानातून फुकट झेरॉक्स मारायचा, त्या उपकाराखातर तो मला कधीमधी खेळात घ्यायचा आणि पहिल्या मिनिटात मी मेलो की जोक सांगायचा. मी म्हटलं, "मामू, मायावर बसू. आवाज तरी आयकाल." खेळ उघडला, हेडफोनचं एक टोक माझ्या कानात, दुसरं मामूंच्या. इरफान होता. आणि त्याच्या शेजारी, टोपीबिपी घालून, 'खामोश' उभा! चोर मामूंच्या अंगात शिरून मामूंच्या पोराशेजारी उभा होता.

इरफानचा आनंदी आवाज आला, "गजाभाऊ, आज चमत्कार झाला! गुंगाभाई लिहून राह्यला! इतक्या दिवसांत पह्यल्यांदा! मले सोन्याची जीप देऊन राह्यला. कोड आला हाय, तेवढा पाठवतो."

इरफानच्या आयडीला त्याचं पगाराचं खातं जोडलेलं होतं. मी माईकवर ओरडलो, "इरफान, देऊ नको! तो चोर हाय!"

इरफान हसला. "गजाभाऊ, मागच्या खेपेला तुमी मलेच दुश्मन समजून गोळी घातली होती."

"अरे खरंच चोर हाय! तो गुंगा नोहे!"

तेवढ्यात 'खामोश'नं लिहिलं, 'भाई, इसकी मत सुनो, इसको जीप नहीं मिली इसलिए जल रहा है.' लगेच दुसरी ओळ: 'जल्दी, एक ही सीट बची है.' इरफान म्हणाला, "थांबा गुंगाभाई, पाठवतोच."

माझ्या हातून फोन गेला. मामूंनी तो तोंडाशी धरला, मफलर खाली ओढला आणि जी हाक टाकली, तशी मी आयुष्यात ऐकली नाही.

"इरफाऽऽऽन! देऊ नको बे! रिकामी जीप हाय ते! उतर! उतर खाली!"

समोरच्या कारंज्याच्या जीपमधून एक म्हातारी आणि दोन बाया खरोखर खाली उतरल्या. पानठेल्यावरचा माणूस चुना लावता लावता थांबला. खेळात कोणीच हललं नाही. मग हेडफोनमधून, वायरच्या टोकातून, एवढासा आवाज आला:

"अब्बा?"

मामूंनी चटका बसल्यासारखा फोन माझ्या हातात टाकला. सरळ रस्त्यावर गेले आणि 'मंगरूळ, मंगरूळ' करत उभे राहिले. समोर जीपच नव्हती.

माझा फोन वाजला. इरफान. कोड दिला नव्हता. "अब्बाले द्या."

मी ओरडून सांगितलं. मामू तिकडूनच म्हणाले, "सांग, गाडी भरून राह्यलो."

"मामू, गाडी नाई समोर!"

"येतेच ना आता!"

मी फोन नेऊन त्यांच्या कानालाच लावला. इरफान काय बोलला, ते मला कळलं नाही. मामू फक्त म्हणाले, "जेवला का?" इतक्या हळू, की शेजारी उभा असून मी ते ओठांवरून वाचलं.

'खामोश' परत मिळाली नाही. खेळाच्या कंपनीला तक्रारी लिहिल्या, चोराचा खेळ बंद झाला, आयडीही त्याच्याबरोबर गेली. इरफाननं पुण्याहून बापासाठी नवी आयडी काढली, स्वतःच्या नंबरवर. पातळी पहिलीपासून, तरी टोळीत पहिल्या दिवसापासून जागा. आणि आता माईक उघडा! टोळीतल्या पुण्याच्या पोरांना शेलूबाजारचा फाटा घरबसल्या ऐकू यायला लागला. "मागच्या सीटवाला, पाय आत घे! निघाली, निघाली!" इरफान ओरडायचा, "अब्बा, हळू बोला, दुश्मनाले आयकू जाते!" मामू म्हणायचे, "जाऊ दे, त्यालेही बसवू."

गेल्या दिवाळीनंतर इरफाननं आई-बापाला पुण्याला बोलावून घेतलं. ट्रॅव्हल्सची बस हायवेवर थांबली. फाट्यावरचे सगळे ड्रायव्हर निरोपाला. नसीममामी आधी चढल्या. मामूंना मात्र बसायचं कसं तेच कळेना. आयुष्यभर लोकांना गाडीत ढकललेला माणूस, स्वतःला ढकलणारं कोणी नाही म्हणून पायरीवर अडकला. कंडक्टर घाई करत होता. शेवटी ड्रायव्हर लोकांनी मागून रेटा दिला. खिडकीत लाल दाढी दिसली, मफलर दिसला. मी खिडकीला हात लावून म्हटलं, "मामू, पोचल्यावर मले फोन करजा."

मामूंनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. बस हलली, तसं डोकं बाहेर काढून, अख्ख्या फाट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"तुले नाई बे, पानठेल्यावर करीन! तू फोन उचलला का कोनाचं ना कोनाचं काई तरी जाते!"